माशीमार

पवनीच्या कोष्टीपुऱ्यातला बकाराम हेडाऊ
समुद्रावर राहून आलाय, हे कोणी खरं मानत नसे.
मी मानायचो. त्याच्या कांड्या मीच भरून द्यायचो
आणि चार कांड्यांमागे एक गोष्ट, असा आमचा करार होता.

"लोखंडाचा डोंगा," तो म्हणे,
"आन् डोंग्यावर आंगण. कठडा नाई, तुळस नाई.
तठून इमान उडे. एका मानसाचं, दोन पंखायचं,
एक वर, एक खाली, मधात तारा. मागच समज."
नाव आधी साहेबासारखं तोंड करून सांगे: फ्लायकॅचर.
मग घाटावरच्या बाभळीकडे बोट करी.
माशीमार.
"पाह्य, फांदीवरून सुटला. हवेत एक गिरकी.
चोच मिटली. आला परत त्याच फांदीवर.
फरक इतलाच, पोट्ट्या,
याची फांदी जागची हालत नाई.
त्याची फांदी चालत राहे."

गिरणीत लागायला मुंबईला गेलेला माणूस
गोदीत कोणाच्या तरी शब्दानं बोटीवर चढला.
सन आठवत नसे, पोळा होऊन गेला होता एवढं आठवे.
काम मिळालं पंखांना ठिगळं लावायचं.
इमान कापडाचं? माझा चरखा थांबला.
"मंग! आत कामट्या, वरून जवसाच्या सुताचं कापड.
आपन जवस तेलाले पेरतो,
ते लोकं इमानाले नेसवत."
आणि वरून खळ, पिकल्या केळ्याच्या वासाची,
डोकं धरणारी. वाळली की कापड आखडे,
टिचकी मारली की डफासारखं बोले.
गल्लीत ताणा पसरला होता, पांजण चालू होती.
बकारामनं त्यावर टिचकी मारून पाहिली.
ताणा काही बोलला नाही.

उतरताना त्याला थांबवायला ब्रेक नसे.
हाताशी असतील तेवढे सगळे धावत,
पंखाची टोकं धरत,
शंकरपटात सुटलेली जोडी धरतात तशी.
थरथर हातात उतरे, रात्री जेवताना
घासातला भात सांडे.
आणि वरून सूर मारला की एक आवाज येई.
तो सांगता येत नाही म्हणून
बकाराम रिकाम्या कांडीत फुंकून दाखवी.
गल्लीतली कुत्री उठून उभी राहत.

इंचाला आठ टाके. साहेबांचा नेम.
सात चालत नसत, नऊ केले तर हसत.

हॉलिस नावाचा एक पोरगेला साहेब होता,
खिशात भुईमुगाच्या शेंगा घेऊन वर जाई,
टरफलं बसायच्या जागेत सापडत.
एका संध्याकाळी तो गेला.
फांदी त्याच्यासाठी अंधार पडेपर्यंत
गोल गोल फिरत राहिली.

"डाव्या पंखाचं ठिगळ माह्यं होतं," बकाराम म्हणाला.
हे त्यानं एकदाच सांगितलं, कांड्या न मोजता.
"कोनं मले काई पुसलं नाई.
पुसलं असतं त बरं झालं असतं."
मागावर सूत तुटलं की तो कोणाला हात लावू देत नसे.
स्वतः सांधायचा, ओठ हलवत.
मला वाटायचं, देवाचं नाव घेतो.

तो गेल्यावर त्याच्या सुनेनं, जनाबाईनं,
पत्र्याची पेटी माझ्याकडे आणून ठेवली.
आत दोन धोटे, एक परदेशी बटण
आणि वीतभर कापड: चंदेरी, कडक,
माशाच्या खवल्यासारखं, कडेला शिवण.
हे कोणत्या पंखाचं, सरावाचं की काढून ठेवलेलं,
पेटी सांगत नाही.

नातीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली,
ओट्यावर उजेडात बसलो.
पहिला इंच, आठ.
दुसरा, आठ.
तिसरा मी दोनदा मोजला. सात.

घाटावर बाभळ अजून आहे,
तिच्या फांदीवरून काहीतरी सुटलं.
परत आलं की नाही, मी पाहिलं नाही.
पट्टी अजून कापडावरच आहे.
चौथा इंच मोजायचा राहिलाय.